अर्धा फूट मुरूम

देवणीचा बास्केटबॉल संघ नायगावात बावन्न-अकरा असा हरला, हे गावाला रविवारी दुपारी कळलं. उदगीरहून आलेली एसटी थांबायच्या आधीच कंडक्टर किशनराव खिडकीतून ओरडले, "बावन्न!"

केवळाबाईच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"आपले अकरा," किशनराव म्हणाले, आणि टाळ्या थांबल्या.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झाला होता. जुन्या जिल्ह्यात देवणीच्या बास्केटबॉलला कोणी विचारत नव्हतं. आता लातूर आणि नांदेडकडच्या आठ गावांची स्पर्धा सुरू झाली होती. प्रत्येक संघाशी एक सामना आपल्या मैदानावर, एक त्यांच्या. जो शेवटचा येईल तो पुढच्या वर्षी खालच्या गटात जाणार होता. दोन वर्षं पाऊस नव्हता, शेतात काम नव्हतं, त्यामुळे लोकांना वेळ भरपूर होता. आणि बास्केटबॉलवर बोलायला पाणी लागत नाही.

ग्यानोबा मिस्त्री टपरीच्या कोपऱ्यातल्या दगडावर बसला होता. तो गवंडी होता. शाळेच्या मैदानावरचे दोन्ही खांब त्यानेच रोवले होते. श्रावणात त्याची बायको सरजाबाई काविळीने गेली, तेव्हापासून तो रोज इथे यायचा. घरी गेलं की चूल पेटवावी लागायची, आणि चुलीपुढे बसलं की घर फार मोठं वाटायचं.

"चूक सरांची हाय," शिवमूर्ती शिंपी म्हणाला. त्याच्या गळ्यात मापाची पट्टी कायम असायची. "नरसिंगचा एक बॉल पडंना, तर त्याला बसवायचं की! मल्लिकार्जुन सर शेवटपर्यंत त्यालाच खेळवत राहिले."

"अन् याच नायगावला आपण इथं अडतीस-वीस हाणलं, तवा कोण खेळलं? तुझा आजा?" केवळाबाईने किटली आपटली.

"तवाचं सोडा. माझं ऐका. वीस दिवसांनी हिमायतनगरला त्यांच्यासंगं शेवटचा सामना हाय. तो मुद्दाम हरायचा."

"काय बोलायलास शिवमूर्ती?"

"मुद्दाम! शेवटचा नंबर आला की खालच्या गटात जायचं. तिथं सगळे कच्चे. हे म्हातारे बैल काढायचे, शाळेतली पोरं घ्यायची, नवा संघ बांधायचा. तीन वर्षांत बघा."

"तुझ्याकडून सदऱ्याचं माप चुकलं तर गिऱ्हाइकाला सांगतोस का, तीन वर्षं थांब म्हणून?" केवळाबाई म्हणाली, आणि सगळे हसले. शिवमूर्तीही हसला, कारण गेल्याच महिन्यात किशनरावांच्या सदऱ्याची बाही आखूड झाली होती.

किशनराव मात्र गंभीर होते. सामना त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. "मला एकच कळंना. नरसिंगचा हात सरळ होता. एकेक बॉल बरोबर रिंगकडं जायचा, अन् अलीकडच्या काठाला लागून खाली यायचा. एवढा कमी पडायचा." त्यांनी वीत दाखवली. "अन् त्याचाच न्हाई, सगळ्यांचाच."

ग्यानोबा त्या वितीकडे बघत राहिला. चहा गार झाला तरी त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मैदानावर कोणी नसताना, तो शिडी, टेप आणि ओळंबा घेऊन गेला. शिडीवर चढून त्याने रिंगच्या काठावरून ओळंबा सोडला. रिंग दहा फुटांवर हवी. त्याने स्वतः मोजून दहावर बसवली होती. टेप नऊ फूट साडेपाच इंच दाखवत होती. तो दुसऱ्या टोकाला गेला. तिथेही तेवढंच.

खांब खचले नव्हते. जमीन वर आली होती.

गेल्या उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामावर या मैदानात मुरूम टाकला होता. वीस-पंचवीस बायका टोपल्यांनी मुरूम आणत होत्या, धुम्मसाने ठोकत होत्या. दक्षिणेकडच्या खांबापाशी सरजाबाई आणि केवळाबाईची जोडी होती. संध्याकाळी नरसिंग आणि पोरं खेळायला आली की सरजाबाई ओरडायची, "नरसिंगा, टोपल्यात टाक की! आमचं बघ, दिवसभरात एक टोपलं चुकलं न्हाई!" घरी आल्यावर ती ग्यानोबाला म्हणायची, "तुमच्या खांबाचे पाय मी झाकून टाकले. आता त्याला थंडी वाजणार न्हाई." तिने केलेलं ते शेवटचं काम.

पोरं वर्षभर साडेनऊ फुटांच्या रिंगवर शिकली होती. बाहेरगावी गेलं की बॉल कमी पडायचा. पाहुणे इथे आले की त्यांचा बॉल वरून जायचा. एवढी साधी गोष्ट होती. ग्यानोबाने ती कोणाला सांगितली नाही. सांगितली तर लोक खोरी घेऊन येतील आणि चार दिवसांत मुरूम काढून टाकतील, हे त्याला माहीत होतं. तो शिडी खांद्यावर घेऊन घरी गेला.

तीन दिवस तो टपरीवर बसून ऐकत राहिला. वाद चालूच होता. सर बदला, नरसिंग काढा, पोरं घ्या. चौथ्या दिवशी नरसिंग स्वतःच आला. चोवीस वर्षांचा, विजेच्या खांबांवर काम करणारा उंच गडी. मल्लिकार्जुन सर टपरीवर चहा घेत होते; त्याने कॅनव्हासचे बूट त्यांच्या पुढे बाकावर ठेवले.

"सर, हे दुसऱ्या कुणाला द्या. माझा हात गेला."

सर संघाचे प्रशिक्षक, पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बुटांकडे पाहिलं, पण हात लावला नाही. शिवमूर्तीने मान फिरवली. मुद्दाम हरायचा बेत त्याचाच होता, पण असे बूट काढून ठेवलेले बघायची त्याची तयारी नव्हती.

ग्यानोबा उठला. "बूट घाल नरसिंगा. तुझा हात गेला न्हाई. रिंग खाली हाय. साडेसहा इंच."

मग त्याने सगळं सांगितलं. थोडा वेळ कोणाच्या लक्षात येईना. लक्षात आलं तेव्हा किशनराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हंजी वर्षभर आपण सरांना शिव्या घातल्या, अन् चूक मुरुमाची!"

"मग बसलाव कशाला?" शिवमूर्ती उभा राहिला. "खोरी आणा. सगळी गल्ली लागली तर मुरूम चार दिवसांत निघतो. फुकटात काम!"

"मुरूम काढायचा न्हाई," ग्यानोबा म्हणाला.

"का बरं?"

"खांब उचलतो मी."

"अरे मिस्त्री, उगं रिंगच वर सरकवा की!"

"रिंगची फळी खांबाच्या टोकाला हाय. वर जागा न्हाई. खांब उचलतो म्हणलो ना."

"त्याला सिमेंट लागंल. वर पाणी मारायला लागंल आठ दिवस. टँकर येतो दोन दिवसाआड, अन् तुम्ही खांबाला पाणी पाजणार? का म्हणून?"

केवळाबाईने ग्यानोबाकडे एकदा पाहिलं. मग ती शिवमूर्तीला म्हणाली, "तो मुरूम मी अन् सरजाबाईनं टाकलाय. माझं टोपलं वाया घालवतोस का? एक घागर माझी. तुझी किती?"

शिवमूर्ती खाली बसला. गळ्यातली पट्टी त्याने उगाच गुंडाळली, सोडली. "एक," तो म्हणाला. "पण बायकोला तुम्ही सांगा."

सिमेंटची दोनच पोती मिळाली, ग्यानोबाच्या घरी जुन्या कामातून उरलेली. तेवढ्यात एकच खांब होणार होता. त्याने दक्षिणेकडचा घेतला. खांबाभोवतीचा मुरूम त्याने हाताने काढून गोणपाटावर ठेवला. नरसिंगने आणि पोरांनी खांब वर उचलून दोरांनी तोलून धरला, खाली काँक्रीट पडलं. आठ दिवस रोज कोणी ना कोणी घागर घेऊन येत होतं. येणारा प्रत्येकजण पाणी ओतता ओतता सरांना सल्ला देऊन जायचा, आणि सर मान हलवायचे. नवव्या दिवशी ग्यानोबाने गोणपाटावरचा मुरूम परत खांबाच्या पायाशी भरला आणि धुम्मसाने ठोकला.

त्यानंतर पोरं त्या एकाच रिंगवर खेळली. पहिल्या दिवशी नरसिंगचे वीसपैकी तीन बॉल पडले. शेवटच्या दिवशी चौदा.

हिमायतनगरला अर्धं देवणी गेलं. ग्यानोबाही गेला, किशनरावांच्या शेजारी बसून. नरसिंगने एकट्याने एकोणीस गुण केले. तरी संघ एका गुणाने हरला, बेचाळीस-एक्केचाळीस, आणि देवणीचा शेवटचा नंबर आला.

परतीच्या गाडीत मागच्या बाकावरून शिवमूर्तीचा आवाज आला, "म्हणलो होतो का न्हाई, हरायचं म्हणून? गेलो का न्हाई खालच्या गटात?"

गाडीतले सगळे एकदम त्याच्यावर तुटून पडले. नरसिंगने त्याची पट्टी काढून घेतली, केवळाबाईने त्याचा चहा महिनाभर बंद केला, आणि मल्लिकार्जुन सर, जे कधी हसत नसत, ते खिडकीकडे तोंड करून हसत होते. ग्यानोबालाही हसू आलं. घरी गेल्यावर सरजाबाईला सांगू, असं त्याच्या मनात आलं, आणि मग आठवलं.

उत्तरेकडचा खांब अजून साडेसहा इंच खाली आहे. सिमेंट मिळालं की तोही उचलायचा आहे.