कॅमशाफ्टचे एकवीस प्रश्न

माझी आत्या एरवी खोटं बोलत नाही. कुणाचा पाना चुकून आपल्या पेटीत आला तर भर उन्हात चालत जाऊन परत करणारी बाई आहे ती. पण तिच्या बोटीबद्दल काही विचारा, की संपलंच. मग तिच्या थापांपुढे हरिश्चंद्रसुद्धा हात टेकेल.

त्या शनिवारी ती स्वयंपाकघराच्या टेबलावर एक फॉर्म भरत होती आणि मी समोर बसून बीजगणित सोडवत होते. म्हणजे वही उघडी होती. लक्ष फॉर्मवर होतं.

फॉर्म कॅमशाफ्टचा होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की एकेक उंचवटा एकेक व्हॉल्व्ह ढकलून उघडतो. हवेचं दार कधी उघडायचं, धुराचं दार कधी मिटायचं, कोण किती वेळ आत आणि कोण कधी बाहेर, हे सगळं तो दांडा ठरवतो. आमच्या घरात हे खातं आत्याकडे आहे.

असे दांडे मागणीप्रमाणे बनवून देणारे एक आजोबा आहेत, दूरच्या गावी. त्यांच्याकडून हवा असेल तर आधी एकवीस प्रश्नांची उत्तरं लिहून पाठवायची. बोटीचं वजन किती, पाण्यातला पंखा केवढा, सुपरचार्जर कोणता, इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे घेतं.

"वजन..." आत्या पुटपुटली आणि तिने झोकात लिहिलं : अकराशे किलो.

"आत्या, तू मोजलंस कधी?"

"डोळ्यांनी कळतं. चाळीस वर्षांची आहे मी."

"फेरे?"

"सात हजार."

"कधी गेले सात हजार?"

"जातील! इंजिनाला आधीच कमी लेखायचं नसतं, त्याचं मन खचतं."

तेवढ्यात बाबा खालच्या वर्कशॉपमधून फायबरच्या भुशाने पांढरेफटक होऊन वर आले. बोटींची अंगं दुरुस्त करणं हे बाबांचं काम आणि इंजिनं हे आत्याचं. भाऊ-बहीण एकाच छपराखाली काम करतात आणि दिवसातून सरासरी सहा वेळा भांडतात.

"भर, भर," बाबा हात धूत म्हणाले. "पण ठरलंय ते विसरू नकोस. हे तिसरं इंजिन."

"माहितीये रे दादा."

"तिसरं गेलं की उनाड विकायची. तूच म्हणालीस."

"म्हणाले ना! पाठ करून ठेवलंयस की काय?"

उनाड म्हणजे तिची शर्यतीची बोट. दोन वर्षांत तिची दोन इंजिनं मेली होती, दोन्ही एकाच दुखण्याने. आत पाणी शिरलेलं, तेल दुधासारखं पांढरं झालेलं. दोन्ही वेळा शर्यतीतून परतताना इंजिन गचकलं आणि शर्यतीत उतरणाऱ्या आमच्या गावच्या दंतवैद्यांनी त्यांच्या बोटीने दोर बांधून तिला धक्क्यावर आणलं. दंतवैद्य फार सभ्य आहेत. एक शब्द टाकून बोलले नाहीत. आत्याला तेच जास्त लागलं.

चौदाव्या प्रश्नावर आत्या थबकली. 'धूर जायच्या नळीत थंड पाणी नेमकं कुठे सोडलं आहे?' तिने थोडा विचार केला आणि लिहिलं : योग्य जागी.

मी हसले. ती रागावून खाली निघून गेली. फॉर्म माझ्यासमोरच राहिला, आणि त्याच्या तळाशी फोन नंबर होता.

गेल्या वर्षीची मी असते, तर अनोळखी माणसाला फोन केलाच नसता. आता मी ती राहिले नव्हते. नंबर फिरवला.

"कोण?" मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"मी उनाड बोटवाल्या बाईंची भाची."

घरघर थांबली. "अकराशे किलो? सात हजार फेरे?"

"हो, त्याच."

"पोरी, त्या बोटीसाठी मी आजवर दोन दांडे केले. दोन्ही सुरेख झाले होते. अडचण एवढीच, की ती बोट या जगात कुठे नाही."

आजोबा गप्पांचे भुकेले होते.

"हे बघ. हलक्या, पिसाट बोटीला मी असा दांडा देतो की हवेचं आणि धुराचं, दोन्ही दारं बराच वेळ एकत्र उघडी राहतात. वरच्या फेऱ्यांना ते बरं. पण तुमच्याकडे सुपरचार्जर. तो दाबून हवा भरणार आणि ती समोरच्या उघड्या दाराने सरळ पळून जाणार. पाहुणा एका दाराने आला, दुसऱ्याने गेला, चहा तसाच. आणि इंजिन मंद चालतं तेव्हा त्याहून वाईट. धुराचं दार उघडं असताना इंजिन नळीतलंच मागे ओढतं. गाडीत ओढलं तर धूर येतो. बोटीत त्या नळीत काय सोडलेलं असतं?"

"पाणी!" मी ओरडलेच.

"शाबास. मंद किती वेळ चालवता?"

धक्क्यापासून मोकळ्या पाण्यापर्यंत एक लांब पट्टा आहे, तिथे लाटा उठवायला बंदी. सगळे रांगत जातात. "पण किती मिनिटं ते माहीत नाही."

"मग मोज. सगळं मोज. आत्याला काही विचारू नकोस, नुसतं मोज. आणि नवा फॉर्म पाठव."

रविवार ते बुधवार मी मोजत सुटले. मंद पट्ट्याची वेळ दंतवैद्यांच्या बोटीत बसून मोजली : बावीस मिनिटं जायला, बावीस यायला. एवढ्या वेळात मी दात कसे घासते ते त्यांनी मला चारदा विचारलं. उनाडच्या फेऱ्यांच्या घड्याळात एक लाल सुई आहे, काटा जिथवर चढेल तिथेच ती अडकून राहते. ती त्रेपन्नशेवर अडकली होती. नळीत पाणी अगदी इंजिनाजवळ, वाकणाच्या तोंडाशीच सोडलेलं, मी पट्टी घालून पाहिलं. आणि वजनासाठी बाबांना मस्का लावून आम्ही बोट भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. ट्रेलर वजा केला, बाहेर काढलेलं इंजिन आणि पेट्रोल मिळवलं. एकूण सोळाशे चाळीस.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

भंगारवाल्याने शांतपणे बाबांनाच काट्यावर उभं केलं. काटा बिघडलेला नव्हता, आणि बाबांनी तो विषय तिथेच संपवला.

बुधवारी संध्याकाळी मी दोन्ही फॉर्म आत्यासमोर ठेवले. तिचा आणि माझा.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"सोळाशे चाळीस! अगं, बोट आहे की हत्तीण? यात पेट्रोल धरलंस तू!"

"मग काय वल्ही मारणार आहेस?"

"पंधराशे लिही."

"आत्या, ही भाजी नाहीये."

"बरं, पंधराशे पन्नास. शेवटचं."

"हे वाढलं कशाने ते तरी विचार," मी म्हणाले. "दरवेळी तू कुठेतरी आपटतेस आणि दरवेळी बाबा एक थर जास्तीचा चढवतात. नाकाशी सात थर आहेत, मी मोजले."

आत्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "दादा! तुझ्यामुळे! तू जाड केलीस माझ्या पोरीला!"

"मी नसतो तर तुझी पोरगी केव्हाच तळाला गेली असती!" खालून आवाज आला.

पाचेक मिनिटं जिन्यावरून खालीवर तोफा डागल्या गेल्या. मी तोवर फळीवरून मेलेल्या इंजिनाचा एक व्हॉल्व्ह काढून आणला आणि तिच्या हातावर ठेवला. कडेला तपकिरी गंजाचं कडं होतं. आजोबांनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं : दोन दारं, पळून जाणारी हवा, मागे ओढलं जाणारं पाणी, बावीस मिनिटं.

तिने व्हॉल्व्ह बोटांत फिरवला, बराच वेळ. मग म्हणाली, "म्हणजे तो धडधडाट..."

जुन्या दांड्यांवर उनाड मंद चालली की लंगडत गुरगुरायची. धड्-धडड्-धड्. सगळा धक्का मान वळवून बघायचा. आत्याला त्या आवाजाचा केवढा अभिमान!

"तो धडधडाट म्हणजेच ती दोन दारं उघडी," मी म्हणाले. "तू ऐकून खूश होत होतीस तेव्हा ती पाणी पीत होती."

"आणि नवा दांडा टाकला की?"

"शिलाई मशीनसारखी चालेल."

"श्शी!"

"आत्या."

"ऐकलं मी." तिने माझ्या फॉर्मवरची एकेक ओळ वाचली. सोळाशे चाळीस. त्रेपन्नशे. बावीस मिनिटं. प्रत्येक ओळीला तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी इंजेक्शन देतंय. मग एकविसावा प्रश्न आला, जो मी तिच्यासाठी कोरा ठेवला होता : 'या इंजिनाकडून तुम्हाला काय हवं आहे?' जुन्या फॉर्मवर तिने सगळ्यात आधी हेच उत्तर लिहून टाकलं होतं, 'सगळ्यांची बोलती बंद झाली पाहिजे.'

तिने पेन घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. लिहिलं : 'माझी मी घरी परत आले पाहिजे.'

सही केली आणि नाक ओढत म्हणाली, "पाठवून टाक. माझा विचार बदलायच्या आत. आणि तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस."

दांडा सतराव्या दिवशी आला, तेलकट कागदात गुंडाळलेला, एखाद्या तान्ह्या बाळासारखा. सोबत आजोबांची चिठ्ठी : 'या बोटीला भेटून आनंद झाला. हवेच्या आणि धुराच्या उंचवट्यांमध्ये आधी एकशे आठ अंशांचं अंतर होतं, आता एकशे चौदा दिलं आहे. दारं आता एकमेकांची वाट बघतील. पाण्याची नळी मात्र वाकणाच्या पुढे एक वीत सरकवा.'

नळी आम्ही सरकवली. दांडा बसवताना आत्या पाना लावून इंजिन हाताने फिरवायची आणि मी इंजिनापुढे लावलेल्या अंशांच्या चकतीवर नजर ठेवून आकडे ओरडायचे. "थांब! मागे! अर्धा अंश पुढे गेलीस!" आयुष्यात पहिल्यांदा मी आत्याला थांब म्हणाले आणि ती थांबली. मला हे इतकं आवडलं की मी गरज नसताना अजून दोनदा म्हणाले.

"पुरे आता," ती म्हणाली. "लाडावू नकोस."

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा इंजिन गुरगुरलं नाही, लंगडलं नाही. सूऽऽ करून चालू झालं आणि चालूच राहिलं. आत्या कान लावून उभी. "हे चालू आहे ना?" असं तिने तीनदा विचारलं.

शर्यतीच्या दिवशी मी तिच्या शेजारच्या जागेवर होते, हेल्मेट घालून. माझी कामं दोन : तेलाच्या दाबाकडे बघणं आणि न किंचाळणं. पहिलं नीट केलं. मंद पट्ट्यातून आम्ही इतक्या गुपचूप गेलो की धक्क्यावर कुणी मान वळवली नाही. मोकळ्या पाण्यावर तिने वेगाची मूठ पुढे ढकलली आणि माझी पाठ खुर्चीत रुतली. आधी उनाड वेग घ्यायला वेळ लावायची, नाक वर करून बसायची. आता ती लगेच पाण्यावर सपाट झाली आणि सुटली. सगळी हवा आत, एक घोटसुद्धा वाया नाही. "अगं बाई गंऽऽ!" आत्या ओरडली, आणि पुढची चार वळणं आम्ही दोघी नुसत्या ओरडतच होतो. तेलाचा दाब उत्तम.

नऊ बोटींत आमचा चौथा नंबर आला. दंतवैद्य दुसरे. तिसऱ्या नंबरची बोट आमच्यापुढे एका नाकाने होती आणि ते नाक सात थरांचं नव्हतं, एवढंच म्हणते.

पण खरी शर्यत परतताना होती. बावीस मिनिटं, मंद. दोन्ही वेळा इंजिन इथेच गेलं होतं. दंतवैद्य सवयीने दोर हातात घेऊन मागून येत होते, हे मी आत्याला सांगितलं नाही. बारावं मिनिट गेलं. सोळावं गेलं. शिलाई मशीन चालूच. एकविसाव्या मिनिटाला बाबा दिसले, धक्क्याच्या अगदी टोकाला, चप्पल हातात, काय करावं ते न सुचलेले.

आम्ही धक्क्याला लागलो, आमच्या आम्ही. आत्याने इंजिन बंद केलं आणि चाक धरून तशीच बसून राहिली.

"तेल बघ," बाबा म्हणाले.

"तूच बघ."

बाबांनी तेल मोजायची कांडी ओढली, पुसली, परत घातली, ओढली. तेल मधासारखं होतं, स्वच्छ. मग आत्याने आठही प्लग काढायला लावले. एकेक करून मी फडक्यावर मांडत गेले आणि बाबा प्रत्येकाला बोट लावून बघत होते. कोरडा. कोरडा. कोरडा. आठव्याला बाबांनी बोट लावलंच नाही, नुसतं हसले.

"मग? विकायची का?" आत्याने विचारलं.

"खबरदार विकलीस तर! माझे सात थर आहेत त्यात."

तिने त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. दंतवैद्य दोर गुंडाळत उभे होते, आमच्याइतकेच खूश. आत्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं.

"अर्धी आहे," ती म्हणाली. "दादा, चढ."

"मी? अगं, मी कधी—"

"म्हणूनच. चढ. ए शहाणे, प्लग घट्ट बसव. बाप बसतोय तुझा."

मी प्लग बसवले, आठही. बाबा चप्पल हातात घेऊनच आत उतरले. आत्याने चावी फिरवली आणि आम्ही तिघं, कसलीही शर्यत नसताना, परत बावीस मिनिटांच्या वाटेला लागलो.