आतून लावायची कडी

सुभेदार प्रतापसिंह फौजेतून घरी परतले, पण बायकोच्या खोलीपर्यंत काही पोचले नाहीत. हॉलमध्येच मुक्काम पडला.

कारणही तसंच होतं. निवृत्तीनंतर एका दुपारी मृदुला त्यांना चहासाठी उठवायला गेली आणि त्यांनी झोपेतच तिचा गळा धरला. काश्मीरच्या डोंगरात कुणीतरी अंगावर चालून आलं होतं, ते त्यांच्या झोपेत अजून येतच होतं. जाग आल्यावर ते आपल्याच हातांकडे परक्याचे असल्यासारखे बघत बसले. तेव्हापासून ते हॉलमधल्या दिवाणावर झोपत आणि मृदुलाने खोलीला आतून कडी लावायची, असा हुकूम होता. रोज दार ढकलून खात्री करून घेत. नंदेसरीच्या कारखान्यात सिक्युरिटीचं काम करत, पण तिथलं फाटकही ते इतक्या निगुतीने तपासत नसावेत.

मृदुलाच्या गळ्यावरचे वळ आठवड्यात गेले. नवरा मात्र तीन वर्षं झाली, हाताला हात लागू देत नव्हता. तिला राग यायचा. ते जिवंत परत यावेत म्हणून तिने नवस बोलला होता. हॉलपर्यंतच यावेत, असं देवाला कुठे सांगितलं होतं?

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, छाणीतली त्यांची अख्खी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर लोटली होती. संध्याकाळी पतंग उतरले आणि कुणा उत्साही माणसाने पाण्याच्या टाकीमागे सुतळी बॉम्ब लावला. धाडकन आवाज झाला. कुणाला काही कळायच्या आत सुभेदारांनी मृदुलाला खाली लोळवलं आणि स्वतः तिच्यावर आडवे झाले. तिचं डोकं आपटू नये म्हणून खाली हात दिला होता. उंधियूच्या भाजीचं पातेलं मात्र दोघांवर पालथं झालं.

सगळी गच्ची वळून बघू लागली. सुभेदारांचं काळीज धडधडत होतं, ते मृदुलाला स्वतःच्या छातीत जाणवत होतं. मग त्यांना भान आलं आणि लाजेने अर्धमेले होऊन ते उठू लागले. मृदुलाने त्यांचा सदरा घट्ट धरला.

"थांबा जरा," ती हळूच म्हणाली. "अजून एखादा फुटेल."

"लोक बघताहेत."

"बघू द्या. किती दिवसांनी जवळ आलात."

शेजारच्या कोकिळाबेन तिच्या केसांतलं वांगं काढता काढता म्हणाल्या, "नसीबदार छो, मृदुलाबेन. अमारा ए तो जलेबी लईने भागी गया." त्यांचे यजमान खरोखरच जिन्यात सापडले, जलेबीसकट.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांना खोलीच्या दारावर कडीऐवजी चार भोकं दिसली. कडी गच्चीच्या दाराला लावली, मृदुलाने सांगितलं. बॉम्बवाले तिकडूनच येतात. सुभेदार भडकले. पुन्हा गळा धरला तर काय करशील, म्हणाले.

"काल त्याच हातांनी माझं डोकं वाचवलंत," ती म्हणाली. "मला त्यांची भीती नाही वाटत. तुमची हॉलमधली झोप सोसवत नाही."

 त्या रात्री सुभेदार उशी घेऊन आले आणि ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. बंकरमध्ये दोघं जवान असेच झोपायचे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. हात गळ्यापर्यंत पोचत नाही. नवऱ्याचे पाय तोंडाशी आल्यावर कडीच बरी होती, असं मृदुलाला क्षणभर वाटलंही.

सकाळी तिला जाग आली, तर पाय हलेना. बघते तो सुभेदारांनी झोपेतच तिच्या पायाचा अंगठा मुठीत आवळून धरलेला. चहाची वेळ टळून गेली, तरी तिने तो सोडवून घेतला नाही.