खांद्यापुढची गाठ

अठरा वर्षांनी पितांबरनाना पहूरच्या स्टँडवर उतरले. इथल्याच जनावरांच्या दवाखान्यात त्यांनी ड्रेसर म्हणून मलमपट्टी करत उमेदीची वर्षं काढली होती. रिटायर झाल्यावर ते धुळ्याला लेकाकडे राहत होते. जुना मित्र उखर्डू गेल्याचं फार उशिरा कळलं, म्हणून भेटायला आले होते.

उखर्डूची बायको कमलबाई त्यांना पाहताच रडली. सून नूतनने चहा ठेवला. नानांना जुन्या संध्याकाळी आठवल्या. सायकल लिंबाला टेकवून ते इथंच बसायचे. उखर्डू गप्पा मारता मारता गाईच्या अंगावरचे गोचीड वेचून रॉकेलच्या डब्यात टाकायचा. तेव्हा देशी गाई होत्या, त्यांना गोचिडांचा ताप क्वचितच यायचा. संकरित गाई आल्या, ताप वाढला आणि आजारी जनावरं बघत दोघांनी मिळून कितीतरी गोठे पालथे घातले. उखर्डूला शाळा नव्हती, पण आजारी जनावर तो लांबून ओळखायचा.

गोठ्यातली गाय मान टाकून उभी होती. पुढ्यातला चारा तसाच होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"गायले ऊन लागनं शे, भाऊ," कमलबाई म्हणाल्या. "दोन दिवसांत उतरी जाई."

नाना उठले. खांद्यापुढे हात फिरवला तर लिंबाएवढी गाठ लागली. दुसऱ्या बाजूलाही तशीच. डोळ्याची पापणी उलटली, आत फिकट पिवळं. शेपटीखाली गोचीड चिकटलेले.

"हे ऊन नाही, वहिनी. गोचिडांचा ताप आहे. नूतन, डॉक्टरांना फोन लाव. आत्ताच!"

तरुण डॉक्टर आले. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेऊन दवाखान्यात गेले आणि तासाभराने इंजेक्शन घेऊनच परतले. "रक्तात जंतू दिसले. दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. गाठ कोणी ओळखली?"

नानांनी कमलबाईंकडे पाहिलं. "इथं एक मास्तर होता माझा," ते म्हणाले. "ही गाठ ओळखायला उखर्डूनंच शिकवलं."

संध्याकाळची एसटी त्यांनी जाऊ दिली आणि ते मुक्कामाला राहिले. तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करू लागली. नूतन तिच्या शेजारी बांधलेल्या दुसऱ्या, गाभण गाईजवळ उभी राहून म्हणाली, "नाना, कुठं हात लावायचा, मला दाखवा ना."

त्यांनी तिचा हात धरून गाईच्या खांद्यापुढे ठेवला. "इथं. हिची गाठ लहान आहे, बघ, निरोगी गाईची एवढीच असते. रोज बघत जा."