तीनशे बारा मीटर

मी बोलतेय ती दुसरी केबल. पहिलीला काही झालं तर कामाला यायचं, एवढ्यासाठीच मला आणलं. काळ्या सालीच्या आत केसाएवढे काचेचे धागे आणि त्यांतून धावणारा प्रकाश, हा माझा देह. सालीवर दर मीटरला आकडा छापलेला. तो कधी कुणी वाचेल, असं छापणाऱ्यालाही वाटलं नसावं.

पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात आम्हा दोघींचं मिळून एक कडं करायचं ठरलं. क्लोरीनच्या खोलीत वायू गळला, की ती खबर नियंत्रण कक्षात पोचवायची आणि झडप बंद करायचा हुकूम परत न्यायचा. थोरली पूर्वेच्या भिंतीकडून जाणार, मी पश्चिमेकडून लांबचा वळसा घेऊन. एकीवर घाव पडला तरी दुसरी शाबूत. नकाशात तसंच आहे, रंगीत रेघांनी.

प्रत्यक्षात कंत्राटदाराच्या माणसांनी पूर्वेला एकच चर खणला, मला थोरलीच्या कुशीत झोपवलं आणि वर माती लोटली. पश्चिमेला फरशा होत्या. त्या कोण उचकटणार?

मग चाचणी झाली. साहेबांनी थोरलीचं टोक उपसलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी काम उचललं. हिरवा दिवा लागला, सह्या झाल्या. मी इमानानं काम केलं होतं, पण त्या इमानाच्या आड लबाडी खपून गेली. तेव्हापासून हिरव्या दिव्यावर माझा भरवसा नाही.

संशय आला तो नियंत्रण कक्षातल्या बाईंना. त्यांचा नवरा क्लोरीनच्या खोलीतच फिटर. पश्चिमेच्या फरशांवरून त्या रोज कामावर यायच्या. फटींतलं शेवाळ जसंच्या तसं होतं. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, नकाशा बघा. बाईंनी नकाशा बघितला होता, म्हणूनच तर विचारत होत्या.

एका सकाळी नवा पाइप टाकायला पूर्वेच्या भिंतीशी जेसीबी आला. क्लोरीनची खोली बंद करायची गरज नाही, एक तुटली तर दुसरी आहेच, असं साहेबांनी सांगून टाकलं. बाईंनी कपाट उघडून माझ्या टोकाजवळचा आकडा वाचला. चौदा. मग नवऱ्याला फोन लावला.

"अहो, दुसऱ्या केबलवर तुमच्याकडचा शेवटचा आकडा काय आहे?"

"सकाळी सकाळी हे काय काढलंस? थांब. तीनशे सव्वीस."

"म्हणजे तीनशे बारा मीटर. पश्चिमेचा वळसा सातशेचा आहे. ती तिकडून गेलेलीच नाही. सगळं बंद करा आणि बाहेर या."

"साहेब ओरडतील."

"ओरडू देत. ऐकायला तुम्ही असलात म्हणजे झालं."

त्यानं झडपा फिरवल्या आणि कुरकुरत बाहेर आला. बाई जेसीबी थांबवायला धावल्या, पण त्याच्या बादलीचे दात तोवर आमच्यापर्यंत पोचले होते. दोघी एकाच घावात तुटलो. नियंत्रण कक्षातले सगळे पडदे आंधळे झाले. खोलीत सुदैवानं कुणी नव्हतं. सुदैव म्हणजे बाई.

अहवालात 'अनपेक्षित बिघाड' असं लिहिलंय. कुणाला अनपेक्षित, ते लिहिलेलं नाही. आम्हाला सांधून पुन्हा त्याच चरात निजवलं, पुन्हा चाचणी झाली, पुन्हा हिरवा दिवा. या वेळी मात्र फिटर आणि त्याच्या पाळीतले सगळे कामगार खोलीच्या दाराबाहेर उभे आहेत. पश्चिमेला चर खणल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही म्हणतात. फरशा उचकटायला घेतल्यात, असं साहेब सांगताहेत. घेतल्या असतीलही. साहेबांनी या आधीही पुष्कळ सांगितलंय.

तुम्हालाही कुणी 'दुसरी आहे ना' म्हणून धीर दिला, तर दिवा बघून परतू नका; तिची वाट स्वतः चालून या. आणि जमलं तर मला इथून हलवा. थोरली माझी सख्खी आहे, पण तिच्याबरोबर मरायला मला आणलेलं नाही.