अक्का, हात!

जुळ्यांपैकी मोठी सकाळी गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता आणि एवढ्याशा त्या जिवाकडे लढायला बळच नव्हतं. धाकटी शेजारच्याच काचेच्या पेटीत होती. दोन पेट्यांच्या मधल्या स्टुलावर त्यांची आई बसली होती. ती घरी शिवणकाम करायची. बोटांना गप्प बसायची सवय नव्हती. हातातल्या रुमालाची कड ती दुमडत होती आणि पुन्हा उलगडत होती.

"कशानं गेली हो?" तिनं अक्काला विचारलं.

"इन्फेक्शन झालं, बाळा. कमी दिवसांची मुलं फार नाजूक असतात."

"ते कळलं. पण काचेत ठेवलेल्या पोरीला ते झालं कुठून?"

अक्का त्या नवजात विभागातली सगळ्यांत जुनी परिचारिका. तिच्या हाताला यश आहे, असं सगळे म्हणायचे.  धाकटीच्या दुधाची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटून ती वळली.

त्याच आठवड्यात मेट्रनबाईंनी विभागातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. परिचारिका, सफाईच्या मावश्या, मोठे डॉक्टर, सगळे. बाई कधी आवाज चढवत नसत; त्या दिवशी तर फारच हळू बोलल्या.

"बाहेरून तपासणीला माणसं येतात तेव्हा हात धुण्यात आपण जवळजवळ पैकीच्या पैकी मिळवतो. कारण ती समोर उभी असतात. ती गेल्यावर काय होतं, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक? म्हणून यापुढे तपासणी तुम्हीच करायची. कुणाचं नाव लिहायचं नाही, कुणाला शिक्षा नाही. काय चुकतं ते तुम्ही शोधा आणि काय बदलायचं तेही तुम्हीच ठरवा. वरच्यांची बोलणी खायला मी आहे."

"म्हणजे आपणच आपल्यावर पहारा ठेवायचा?" अक्का म्हणाली. "मग चहाला बसायचं कुणाबरोबर, बाई?"

दोघीतिघी हसल्या. मेट्रनबाई हसल्या नाहीत.

"त्या आईशेजारी तुला बसवतंय का, अक्का?"

 पहिला पहारा अक्कानंच मागून घेतला.

कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायचं, हे काम तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. हात शिवशिवायचे. पण बघता बघता तिला दिसायला लागलं. आळशी कुणीच नव्हतं. सगळ्याजणी धावतच होत्या. एका बाळाचा लंगोट बदलताना दुसऱ्या पेटीचा भोंगा वाजायचा आणि बेसिन होतं पार दाराबाहेर. साबण इतका कडक की एकीच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येत होतं. पाणी लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. दहा वेळा हात धुवायला हवेत तिथे जेमतेम चार वेळा धुतले जात होते.

मोठ्या डॉक्टरांनी तो आकडा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे वर पाठवलंत तर ते उपाय शोधणार नाहीत, बळीचा बकरा शोधतील. माझी माणसं आधीच कमी आहेत. आहेत तीही गेली, तर या बाळांकडे बघणार कोण?"

ते खोटं बोलत नव्हते. 

"पाठवते मी," मेट्रनबाई म्हणाल्या. "सही माझी राहील."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेटीला हात निर्जंतुक करायची बाटली टांगली गेली. साबण बदलला. बाळांना दूध पाजायची आणि डॉक्टरांच्या फेरीची वेळ एकच होती, ती वेगळी केली. हे सगळं विभागातल्यांनीच वाद घालून, एकमेकींवर चिडून ठरवलं.

अक्काला तरी चैन पडेना. घरी ताटावर बसून ती नुसती भात चिवडत होती. नवरा म्हणाला, "अगं, खाऊन घे. भाताला काय ताप आलाय का, अशी चाचपून बघतेस ते?"

"तिला सांगायला हवं," अक्का म्हणाली.

"कुणाला?"

"त्या पोरींच्या आईला."

नवऱ्यानं चेष्टा थांबवली. "सांग मग," तो म्हणाला. "नाहीतर तू अशीच झुरशील."

मेट्रनबाईंना विचारून दुपारी ती आईजवळ गेली. या वेळी उभी राहिली नाही. दुसरं स्टूल ओढून शेजारी बसली.

"तू विचारलं होतंस, कुठून झालं म्हणून. बहुतेक आमच्याच हातांतून. कुणाच्या, ते कधीच कळणार नाही. माझेही असतील."

आईच्या हातातला रुमाल थांबला.  ती म्हणाली, "इथून उठा."

अक्का उठली. दोन दिवस आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच हाक मारली. "हात कोणकोणत्या वेळी धुवायचे असतात, ते मला नीट शिकवा. मी दिवसभर इथेच असते. मी बघेन."

अक्कानं शिकवलं.

एका दुपारी अक्का समोरच्या बाळाचा लंगोट बदलत असताना धाकटीच्या पेटीचा भोंगा वाजला. पोरीचा श्वास थांबला होता, ओठ निळे पडत होते. अक्का तशीच धावली, पेटीच्या झडपेला हात घालणार तोच आई आडवी आली.

"अक्का, हात!"

"अगं, सरक! ती निळी पडतेय!"

"हात!" आईचा आवाज फाटला, पण ती हलली नाही.

अक्कानं बाटली दाबली, हात चोळले आणि आत घातले. तळपायाला टिचकी मारली, पाठ चोळली. पोरीनं अंग आकसलं, श्वास घेतला आणि बारीकसा रडका सूर काढला.

मोठे डॉक्टर धावत आले होते. पोरीला तपासून झाल्यावर ते आईकडे वळले. "अशा वेळी मध्ये यायचं नसतं."

"तिचं बरोबर होतं," अक्का म्हणाली.  "आजच्या तपासणीत लिहा. चुकलेली मी."

 "लिहू," डॉक्टर म्हणाले. मग जाता जाता त्यांनी स्वतःचेही हात चोळले.

पुढे सगळं सुरळीत झालं, असं नाही. वरून खरमरीत पत्र आलं आणि मेट्रनबाईंची बढती अडली. खोलीतलं बेसिन बसायला कितीतरी महिने गेले. आणखी एका बाळाला संसर्ग झाला. लवकर लक्षात आला म्हणून ते वाचलं.

धाकटी घरी निघाली त्या दिवशी आईनं तिला खांद्यावर घेतलं होतं. दारापर्यंत अक्का सोबत गेली.

"तुमच्यावरचा राग गेलेला नाही माझा," आई म्हणाली.

"राहू दे."

"पण परवा लस द्यायला आणायचंय हिला. तुम्ही असाल ना?"

"असेन," अक्का म्हणाली. आई पायऱ्या उतरून गर्दीत दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे अक्का भिंतीला टेकली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.