कवठाळीच्या वळणावरचे दगड

मोताळ्याहून बुलढाण्याला जाणारी सकाळी साडेसातची एसटी आठवड्यातले सहा दिवस शहाण्यासारखी धावायची आणि गुरुवारी कवठाळीच्या वळणावर बसकण मारायची. कवठाळीचा आठवडी बाजार गुरुवारी, आणि तोही थेट डांबरी रस्त्यावर. दोन्ही बाजूंना पालं, मधोमध पोती उतरवणारे टेम्पो, कापसानं फुगलेले ट्रॅक्टर, त्यांच्या फटीफटीतून घुसणाऱ्या मोटारसायकली, आणि या सगळ्यात रुतलेली एसटी. हॉर्न वाजवून काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक, तरी जो तो वाजवतोच. ड्रायव्हर भाऊराव तर इंजिन बंद करून सरळ तंबाखू मळायला घ्यायचे.

समता खिडकीत बसून दात-ओठ खायची. बुलढाण्यात जयमाला मॅडमच्या लॅबमध्ये ती रक्त काढायच्या कामाला होती. लॅब नऊला उघडायची, आणि त्याच्या आधीपासूनच उपाशीपोटी माणसं बाकावर येऊन बसलेली असायची. साखर तपासायची तर चहाचा घोटही घेता येत नाही. रिकाम्या पोटी पाऊण तास बसलेला म्हातारा काय काय बोलू शकतो, ते समतानं दोन वर्षं दर गुरुवारी ऐकलं होतं. साडेसातच्या आधी गाडी नव्हती, त्यामुळे ऐकून घेण्याशिवाय इलाजही नव्हता.

त्या गुरुवारी मात्र हद्द झाली. वाट बघता बघता एक बाई चक्कर येऊन पडल्या. मॅडम ओरडल्या नाहीत, आणि तेच समताला जास्त लागलं.

"समता, तुझा हात हलका आहे, पेशंट तुलाच मागतात. पण तो हात वेळेवर यायला नको? पुढच्या गुरुवारी नऊला तू इथं नसलीस, तर मी दुसरी मुलगी बघणार."

ही नोकरी तिनं कुणाच्या चिठ्ठीचपाटीशिवाय मिळवली होती. तिला तिची सुई, तिच्या नळ्या, सगळं सगळं जिवापाड आवडायचं. आणि ते बाजारातल्या मिरचीच्या पोत्याखाली चिरडून जाणार? संध्याकाळी परतताना ती कवठाळीलाच उतरली. पारा चढलेलाच होता, तो घेऊन ती तडक वळणावर गेली.

वळणाच्या ऐन कोपऱ्यावर जनकाबाई बसायची, लाल मिरचीचा ढीग घेऊन. सत्तरीची म्हातारी, पण जीभ तिच्या मालापेक्षा तिखट. तिच्यापायी एसटीचं मागचं चाक वळत नसे.

"आजी, तुम्ही दोन हात मागं सरकलात तर माझी नोकरी वाचेल!"

"मले काऊन बोलून राह्यली व? हा दगड पाह्य. माह्या सासूनं ठेवला होता. माही बैठक हाय ही."

कोपऱ्यावर खरंच एक काळा, झिजून गुळगुळीत झालेला दगड होता. तसा दगड प्रत्येकाच्या बैठकीला होता. ज्याचा दगड त्याची जागा, आणि दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही, हा या बाजाराचा कायदा. कागदावर कुठंच लिहिलेला नाही, म्हणूनच बहुधा तो कुणी मोडत नव्हतं.

"शाळेमागं एवढं मोठं मैदान आहे. तिथं काय काटे आहेत?"

"आमी गेलतो ना तीन सालाआधी!" म्हातारी उसळली. "पंचायतीच्या सायबानं चिठ्ठ्या काढल्या. मले टाकलं चपलावाल्यापाशी. चपला घ्याले आलेला मानूस मिरची घेते काय? मिरची घेनारी लसूण घेते, लसूण घेनारी सांभाराची हिरवी जुडी घेते, अन् सांभारवाली पडली तिकडं गुराच्या दोरापाशी! वरून माहा दगड जेसीबीनं नालीत लोटला. तिसऱ्या हप्त्यात आमी सगळे वापस रस्त्यावर."

समताचा राग जागच्या जागी थांबला. लॅबमध्ये रॅकमधली एक नळी इकडची तिकडं झाली की एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर लागते. इथं तर कुणीतरी अख्खा रॅकच उपडा केला होता! जागा बदलल्याचं दुःख नव्हतंच या लोकांना, शेजार तुटल्याचं होतं.

"आजी, आहे त्याच क्रमानं अख्खी रांग मैदानात नेली तर?"

जनकाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तर मी का हौसेनं टेम्पोचा धूर खातो इथं? जातो ना!"

दोघी पंचायतीच्या कार्यालयात गेल्या. चिठ्ठ्यावाले साहेब बदलून गेले होते. नवा ग्रामसेवक ऋत्विक भला माणूस होता, पण भांडणाच्या नावानंच घामेजणारा.

"क्रमाची यादी कोण देणार, ताई? प्रत्येकाला आपल्या बाजूचे दोघेच माहीत. विचारायला गेलो तर जो तो स्वतःला पुढं सरकवून सांगेल."

"लिहा," समता म्हणाली.

तिनं डोळे मिटले आणि एसटीच्या खिडकीतून दिसणारा बाजार तिच्यापुढं उभा राहिला. "डावीकडून. आधी गुराचे दोर. मग केळीवाला, त्याला लागून बांगड्यावाली छाया. मग भगवंतरावांचे डाळ-मुरमुरे. मग कडूबाचे कांदे. कडूबा आणि त्याचा थोरला भाऊ बोलत नाहीत, म्हणून दोघांच्या मधात भरताच्या वांग्यांची सरस्वतीबाई. तिला हलवू नका, डोकी फुटतील..."

ती बोलत गेली, ऋत्विक लिहीत गेला. डावी बाजू संपली, उजवी संपली. एकशे बारा बैठका. दोन वर्षं दर गुरुवारी चाळीस चाळीस मिनिटं त्या बाजारानं तिचा जीव खाल्ला होता, पण जाता जाता स्वतःला तिच्याकडून तोंडपाठ करून घेतलं होतं.

जनकाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. "बाप्पा! माह्या सुनेले घरातल्या डब्यांचा पत्ता नाही सांगता येत," ती म्हणाली.

ऋत्विकनं मग उशीर केला नाही. यादी सगळ्यांच्या मोबाइलवर गेली, मैदानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या. बुधवारी संध्याकाळी समता पुन्हा कवठाळीला उतरली, तेव्हा निम्मा बाजार वळणावर जमला होता. लांबच्या गावच्यांनी आपापल्या शेजाऱ्याला फोनवरून दगड उचलायची परवानगी दिली होती. पण आधी कोण? सगळे जनकाबाईकडे बघत होते, आणि जनकाबाई रस्त्याकडे.

म्हातारी फिरली की सगळंच फिरलं, आणि उद्या गुरुवार.

"माहा दगड तूच उचल," जनकाबाई शेवटी म्हणाली. "आजवर परक्याचा हात नाही लागला त्याले. नालीतूनबी मीच काढला होता."

समतानं ओढणी कमरेला खोचली. दगड दिसत होता त्याच्या दुप्पट जड निघाला. तो पोटाशी धरून ती चालू लागली, शेजारी जनकाबाई, मागून लसूणवाली, सांभारवाली, एकामागून एक. कडूबा आणि त्याचा भाऊ सरस्वतीबाईला मध्ये घेऊनच निघाले. मैदानात जनकाबाईच्या रेघेवर समतानं दगड ठेवला तेव्हा तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

गुरुवारी कवठाळीचं वळण आलं. भाऊरावांनी सवयीनं ब्रेक दाबला, हॉर्नवर तळवा ठेवला, दुसऱ्या हातानं खिशातली डबी चाचपली. समोर नुसता रस्ता होता. लांबलचक, काळाभोर, रिकामा.

"आता तंबाखू कवा मळू बे?" भाऊराव ओरडले, आणि सगळी एसटी हसत सुटली. कंडक्टरनं उगीचच डबल बेल दिली. मैदानाच्या कडेला जनकाबाई मिरच्यांची मूठ उंच नाचवत होती. समतानं खिडकीबाहेर अर्धं अंग काढून दोन्ही हात हलवले.

ती लॅबवर पोचली तेव्हा झाडणारी बाईसुद्धा आली नव्हती. तिनं शेजारच्या मेडिकलमधून किल्ली आणली, लॅब उघडली, नळ्या मांडल्या आणि नऊच्या ठोक्याला पहिलं नाव पुकारलं. गेल्या गुरुवारी चक्कर आलेल्या बाईच पहिल्या होत्या. सुई टोचलेली त्यांना कळलीसुद्धा नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी जयमाला मॅडम धापा टाकत आत आल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ओशाळल्या.

"चौकात ही गर्दी ग! गाडी हलेचना."

समतानं चौथ्या पेशंटच्या दंडावरचा पट्टा सोडला.

"तिथं कोण कोण बसतं तेवढं सांगा, मॅडम," ती म्हणाली. "दगड मी उचलते."