घशातला किडा

चोपड्याजवळच्या त्या गावात दर मंगळवारी तोतारामच्या ओट्यावर पोरांच्या आयांची झुंबड उडायची. तोताराम राखेत बोट बुडवायचा, पोराच्या घशात खुपसायचा, सुजलेले टॉन्सिल दाबायचा आणि पांढरा किडा ओढून दाखवायचा. मग तेच बोट पुढच्या पोराच्या तोंडात. आया हात जोडायच्या. ते बोट धुवावं, असं कुणाला सुचत नव्हतं.

कोकिळा सहा वर्षांच्या आयुषीला तिसऱ्यांदा घेऊन आली. आता पोरीला तोंड उघडता येईना, लाळ गळत होती.

"तिना घसामा किडास्ना राजा शे, माय," तोताराम म्हणाला. "इतला दिन मी परजा काढी. आज राजा काढस. सात दिन डाक्टरनी गोयी देऊ नको."

त्यानं जबडा बळेच फाकवला. पोर कळवळली. राजा कोकिळाच्या तळहातावर पडला.

कोकिळाचा जन्म केळीच्या बागेत राबण्यात गेला होता. तिनं तो राजा चिमटीत धरून ताणला. तुटला नाही, उभा चिरला. केळीच्या खांबाचा धागा होता तो. तिनं तोतारामचा हात धरून उलटा केला. वाढवलेल्या नखाखाली आणखी दोन राजे वेटोळं करून बसले होते.

आरोग्यसेविका कमलबाई दर मंगळवारी इथं येऊन शिव्या खायच्या. त्या पुढं झाल्या. "टॉन्सिल म्हणजे घशातला पहारा आहे. असाच नाकामागं आहे, आतड्याच्या ओल्या अस्तरात आहे. आत शिरणारा जंतू तिथं अडवला जातो. त्या झटापटीत टॉन्सिल सुजतं. बहुतेक पोरांची सूज आठवड्यात आपसूक उतरते, आणि नाव याचं होतं."

"आनि ज्यानी उतरत नही?" कोकिळानं विचारलं.

"त्याला वेळेवर औषध लागतं." कमलबाईंनी आयुषीची मान चाचपली. "हिला आत्ताच जळगावला न्या."

"मना नातूले गुण उना," रांगेतली भागाबाई म्हणाली. "हिनीच श्रद्धा कमी पडनी." रांग पुढं सरकली.

जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशातला पू छातीत उतरलाय, फार उशीर झाला. शुक्रवारी आयुषी गेली.

पुढच्या मंगळवारी कोकिळा ओट्यासमोर उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून रांगेत लागत होती. ती प्रत्येकीला तेच सांगत होती.

"घसा सुजना तर दवाखानामा जा, बाई. मनी पोर गयी. तुमनी आजून शे."